पुनश्च सुरू केल्यास

मांजर्ली, बदलापूर (प.)
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. किर्ती,

तुझ्या नावातली पहिली वेलांटी आज मुद्दाम तशीच ठेवली आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तुझ्या प्रत्येक वहीवर ती लाल पेनाने दुसरी केली, आणि तू दर वेळी निमूटपणे पुन्हा पहिलीच लिहिलीस. दहावीचा फॉर्म भरताना एकदाच म्हणालीस, "बाई, दाखल्यावर अशीच आहे." नाव तुझं, दाखला तुझा. मी कोण लागून गेले दुरुस्त करणारी!

पुढे 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होते. पेन तिथे अडखळलं, म्हणून ते शेवटासाठी ठेवते.

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता लांबच्या पाट्या वाचतात आणि वाचल्या की मोठ्याने सांगतात. दिवाळी आठवड्यावर आली. भाजणी दळून आणली आहे, चकल्या अजून व्हायच्यात. उन्मेष आणि सूनबाई पुण्याहून येणार की नाही, ते नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी कळेल. तुझी आई बरी आहे ना? कौसाबाईंचा गुडघा दुखायचा, त्याचं काय झालं?

बघ, अर्धं पान झालं आणि मी अजून चकल्या आणि गुडघ्यांवरच आहे. निबंधात तुम्ही असं केलंत की मी समासात 'मुद्द्यावर या' असं लिहायचे.

मुद्दा हा, की गेल्या मंगळवारी तू मला अंबरनाथला एमआयडीसीच्या नाक्यावर दिसलीस. शिफ्ट सुटलेल्या बायकांमध्ये उभी, केसांवर ती निळी जाळी, शेअर रिक्षाची वाट बघत. मी काच खाली करून हाक मारली, "अगं, तू इकडे कुठे?" तर म्हणालीस, "पॅकिंगला आहे बाई, ऑगस्टपासून." मी म्हटलं, बस, सोडते. तू नको म्हणालीस. "कपड्यांना केमिकलचा वास आहे बाई, सीटला लागेल." आणि मग बॉनेटकडे कान करून विचारलंस, "गाडी कशी चालतेय? आवाज तर चांगला आहे."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं गं. टोमण्याला उलट टोमणा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण तू खरंच विचारत होतीस. मी "छान" म्हटलं आणि गिअर टाकला.

जुलैत काय झालं ते तुला माहीत आहे, पण निम्मंच. आधी तुला माहीत असलेलं लिहिते, म्हणजे मला मधूनच पळता येणार नाही.

मार्चमध्ये आमच्या गाडीचं इंजिन कायमचं गेलं. तू नानिकराम शेठच्या दुकानात वॉरंटीच्या टेबलावर बसायचीस, म्हणून आम्ही मुद्दाम उल्हासनगरला, कॅम्प पाचला आलो आणि त्यांच्याकडचं दुरुस्त केलेलं इंजिन बसवून घेतलं. वर्षाची वॉरंटी. कार्ड तूच भरलंस. मी तुमच्या जितेश मिस्त्रीला ऐटीत सांगितलंसुद्धा, "हे अक्षर माझ्या हाताखालचं आहे." जुलैत मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी नवं इंजिन खडखडून बंद पडलं. गाडी टो करून तुमच्या दारात आणली.

जितेशने इंजिन खोललं आणि वाकलेला रॉड माझ्यासमोर धरला. "बाई, इंजिनने पाणी ओढलंय. हे वॉरंटीत नाय बसत." खरं बोलला तो. मी काय केलं? कार्ड मागितलं, चष्मा लावला आणि चार गिऱ्हाइकांसमोर वाक्यपृथक्करण सुरू केलं. "पाण्यामध्ये बंद पडलेले वाहन पुनश्च सुरू केल्यास हमी संपुष्टात येईल." शेठना म्हटलं, 'बंद पडलेले' हे वाहनाचं विशेषण आहे. अट कोणत्या गाडीला लागू? जी आधी पाण्यात बंद पडली आणि मग पुन्हा सुरू केली, तिला. माझी गाडी पाण्यातून चालत गेली, कुठेही बंद पडली नाही. पाण्यातून चालवू नका असं तुमच्या कार्डावर कुठे आहे? दाखवा ना!

शेठ बिचारे कार्ड उलटसुलट करत राहिले. त्यांना मराठी फर्डं बोलता येतं, पण वाचताना ओळीखाली बोट धरावं लागतं. "मॅडम, आप टीचर हो, झूठ थोडी बोलोगे," म्हणाले, आणि मग तुझ्याकडे वळले. "बेटा, ये किसने लिखा?"

तू म्हणालीस, "मी लिहिलं, शेठ. मीच."

त्यानंतर शेठ तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तू ऐकलंस, मीही ऐकलं, आणि मी पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. आठवड्याभरात आम्हाला दुसरं इंजिन मिळालं. तुला त्यानंतर पंधरा दिवसांत घरी बसवलं, हे मला मंगळवारी नाक्यावर कळलं. आधी माहीत नव्हतं, शप्पथ. पण हे तरी कितपत खरं? ऑगस्टच्या शेवटी सर्व्हिसिंगला गेले होते तेव्हा तुझ्या खुर्चीत दुसरी मुलगी होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं.

पाणी आलं तेव्हा हे पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उन्मेषकडे होते. सकाळी नऊच्या सुमाराला सोसायटीत ओरडा झाला, गाड्या चढावर न्या. साठीत शिकलेलं माझं ड्रायव्हिंग, आणि एकटीने गाडी बाहेर काढायची पहिलीच वेळ. निम्मी चाकं पाण्यात. गेटमधून बाहेर पडले आणि दूध डेअरीसमोर गाडी बंद पडली. हो, बंद पडली. मी सेल्फ मारला. नाही झाली. परत मारला. तिसऱ्यांदा आतून काहीतरी खाडकन वाजलं, धूर निघाला आणि ती सुरू झाली. चढावर पोचले तर गॅलऱ्यांमधून लोक टाळ्या वाजवत होते. एवढ्या टाळ्या मला शाळेच्या निरोप समारंभालासुद्धा मिळाल्या नव्हत्या! ज्या बाईसाठी टाळ्या वाजल्या तिनेच इंजिन मोडलं, हे तुमच्या दुकानात चार लोकांपुढे कबूल करणं मला जमलं नाही. जीभ मेली उचललीच टाळ्याला लागली.

एवढं कबूल केलं की पुरे, असं ठरवून इथे पत्र संपवलं होतं. पाकिटही घेतलं होतं. दुपारी जेवून आडवी झाले, पण झोप कसली! उठून पुन्हा लिहायला बसले आहे.

किर्ती, ते वाक्य माझं आहे.

हे तुला माहीत आहेच. तू विसरणाऱ्यातली नाहीस. पण मला माहीत आहे हे तुला माहीत आहे का, तेवढं मला कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कार्डं छापायला जायची होती तेव्हा तू व्हॉट्सॲपवर विचारलं होतंस, "बाई, एवढं वाक्य तपासून द्याल का? इंजिनात पाणी गेलं तर वॉरंटी मिळणार नाही." मी म्हटलं, ही बोलीभाषा झाली, छापील कागदावर शोभत नाही. आणि 'पुनश्च' काय, 'संपुष्टात' काय, सगळे दागिने घालून माझं वाक्य पाठवलं. खाली 'पाहिले' लिहिलं, वह्यांवर लिहायचे तसं. तुझ्या सात शब्दांत सगळं आलं होतं. पाणी कसंही गेलेलं असो, वॉरंटी नाही. माझ्या वाक्याने एक फट ठेवली, आणि त्या फटीतून मीच निसटले.

दुकानात 'पुनश्च' वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. कॅम्प पाचमध्ये हा शब्द दुसरं कोण लिहिणार! मी वर पाहिलं. तू माझ्याकडेच बघत होतीस. तुझा फोन काउंटरवर हाताशी पडलेला होता. तो मेसेज तू शेठना तिथल्या तिथे दाखवू शकली असतीस. तू फोन उचलला नाहीस, नुसता पालथा घातलास. मला तिथे थांबता आलं असतं. मी पुढचं वाक्य बोलले.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल? तो मेसेज शोधून पुसून टाकला. म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे. फोनवर लिहिलेलं पुसता येतं, आणि मला ती सवय लागली आहे.

अजून एक राहिलं, आणि त्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात ह्यांनी मला माइकसमोर उभं केलं. "आमच्या हिने व्याकरणावर इंजिन मिळवलं, ऐका!" ह्यांना बिचाऱ्यांना मी सांगितलं तेवढंच माहीत. आणि मी ऐकवलं गं. शेठचा आवाज काढला, जितेशचं 'नाय बसत' काढलं. लोक हसून लोळले. तुझं 'मीच' तेवढं गाळलं.

परवा शुक्रवारी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी शिकवली, पण पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नये हे शिकवायचं माझं राहिलं."

काल कॅम्प पाचला गेले. गाडीने नाही, रिक्षा करून. गुरुवारीही गेले होते, पण दुकानाच्या पाटीखालून वळले आणि समोरून पापड घेऊन परत आले. काल आत शिरले. गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. जेवढ्या मोठ्याने खोटं बोलले होते तेवढ्याच मोठ्याने खरं सांगितलं. गाडी बंद पडली होती, मी ती सुरू केली, कार्डावरचं वाक्य माझं, मुलीची काडीची चूक नाही. इंजिन काढून घ्या, नाहीतर त्याचं काय द्यायचं ते सांगा. जितेशने माझ्याकडे बघितलंही नाही. शेठ म्हणाले, "मॅडम, आप टीचर हो के..." मला वाटत होतं चार शिव्या देतील. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

निघताना म्हणाले, "लडकी को बोलो, आके मिल जाये." कामावर घेतो असं काही म्हणाले नाहीत. त्या खुर्चीत आता दुसरी कोणाची तरी लेक आहे, आणि तिला उठवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर बाईंनी पाठवलं म्हणून जाऊ नकोस. तिथे तुला मान खाली घालायची गरज उरलेली नाही, एवढंच मला कळवायचं होतं.

सोसायटीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी माइक मागून घेतला आहे. ह्या वेळी काही गाळणार नाही.

तेहेतीस वर्षं तुम्हा मुलांना एकच सांगत आले, चूक झाली तर गिरबटून लपवू नका, एक सरळ रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. तुम्ही ऐकलंत. तू तर फारच ऐकलंस. मला माफ कर, असं लिहिते, पण केलंच पाहिजेस असं काही नाही. रागावलीस तरी ते माझ्या वाट्याचंच आहे.

आशीर्वाद लिहायला अजूनही हात धजत नाही. नमस्कार.

संजीवनी

पुनश्च :
'इंजिनात पाणी गेलं तर वॉरंटी मिळणार नाही.'
पाहिले. बरोबर.