पहिल्या पाच किलोमीटरची थरथर

रविवार, संध्याकाळ

थरथर कशाची, ते आज सापडलं एकदाचं. माझा मुलगा सुमित त्याची लाल स्पोर्ट्‌स कार माझ्याकडे ठेवून कॅनडाला गेला, तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. किन्हवलीहून निघालो की पाच किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं आणि शहापूरच्या गॅरेजपर्यंत पोचेतो गप्प. संतोष मेकॅनिक चाकं तपासायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. म्हाताऱ्याला भास होतात, असंच वाटलं असेल त्याला.

आज हट्टाने त्याला घरीच बोलावलं. दोन सीटची गाडी, पण दुसऱ्या सीटवर वर्षभरात कोणी बसलं नव्हतं. अंगणातून बाहेर पडलो आणि थरथर सुरू.

"काका, गाडी आठवडाभर उभीच असते ना? टायर खालून चपटे होतात. चालून तापले की परत गोल. रोज फिरवा, बास!"

ओल लागू नये म्हणून मी ती चार फळ्यांवर ठेवतो, हेही सांगितलं.

"गाडी हाय का भाताची पोती?" तो खो खो हसला.

मग दुसऱ्या सीटवरून तो वाटभर बोलत राहिला. मुलीची शाळा, सासऱ्याची म्हैस, काय काय. मी गाडी मुद्दाम सावकाश चालवली.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "आता नाय ना थरथरत?"

नव्हती थरथरत. तरी म्हणालो, "थोडी जाणवते रे अजून."

"बरं, पुढच्या रविवारी येतो परत."

तो गेल्यावर गाडी पुन्हा फळ्यांवर चढवली. आता रविवारपर्यंत तिला हात लावायचा नाही.