स्वारीचं वजन

दुकानातून,
४ जानेवारी

प्रिय धाकट्या पिंपा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल पोचलं. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो, मुलीची परीक्षा आटोपली, आणि दुकानात गाळाने चोंदलेले पाण्याचे पंप माझी वाट बघत रांगेत पडलेत. म्हणजे सगळं नेहमीसारखं. आता कामाचं बोलू.

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. "मागचा टायर दगडासारखा लागतो, खडीवर सायकल चेंडूसारखी उडते, दादा, तुझा आकडा चुकलाय." एवढं लिहून पुन्हा खाली हसरा चेहरा काढलास. माझा आकडा चुकलेला नाही. तो आकडा काढायला माझं एक वर्ष गेलं आणि दोन रिमा गेल्या.

तू विसरला असशील म्हणून पुन्हा सांगतो. गेल्या वर्षी आपण डोंगरामागच्या दगडी वाटेवर गेलो. जिला आपण 'शिडी' म्हणतो त्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर तुझं मागचं चाक दगडावर आपटलं, ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडली आणि तू सायकलवरून उडून करवंदीत गेलास. नशीब, हात मोडला नाही. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी शिडी उतरायची ती हिशेबाने, देवाच्या भरवशावर नाही.

मग मी दुकानं पालथी घातली. सगळ्यांकडे तक्ता असतो. वजन अमुक, तर हवा तमुक. आणि सगळ्यांचा तक्ता नव्वद किलोला संपतो. त्यापुढे जगात माणसंच नसावीत. एका विक्रेत्याने तर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, काका, टायर बदलण्यापेक्षा जरा वजन उतरवलंत तर? मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे टायर मागितला होता, सल्ला नाही. आत्या आपल्याला थोरलं पिंप, धाकटं पिंप म्हणायची ते प्रेमाने. या पोराला तो अधिकार कुणी दिला?

म्हणून नव्वदच्या पुढचा तक्ता मी स्वतः केला. रुंद टायर, जाड भिंतीचे, ट्यूब काढून टाकलेली, आत भोकं बुजवणारा चिकट द्रव. तुझ्यामाझ्या सायकलला एकाच खोक्यातली जोडी बसवली. आणि वजन म्हणजे नुसतं अंगाचं नाही हे डोक्यात पक्कं ठेव. बूट, पिशवी, पाणी, हत्यारं, खिशातल्या किल्ल्या, सगळं मिळून जे चाकावर बसतं ते स्वारीचं वजन. माझं एकशे एकवीस, तुझं एकशे अठरा. तुला मागे एकतीस पौंड हवा, पुढे सत्तावीस. वजन साडेतीन किलोने बदललं तर मागची हवा एक पौंडाने बदलायची. एवढं सोपं आहे.

तरी तुला कडक वाटत असेल तर एकेक पौंड उतरव. एकदम नाही. दर वेळी त्याच खडीवरून जा, आणि रिम दगडाला लागल्याचा आवाज आला की थांब, दोन पौंड वाढव. तो आवाज तुला तिसाच्या आतबाहेर येईल, हे मी आत्ताच लिहून देतो. आणि काट्यावर उभा राहून स्वारीचं वजन मला कळव. सगळं चढवून. फोनवर नाही, पत्रात. फोनवर तू आकडे गिळतोस आणि विनोद सांगतोस.

तुझ्या घरच्या मास्तरीणबाईंना नमस्कार. तुझ्या शिलाईच्या दुकानातलं नवीन मशीन तेल गळतंय म्हणालास, त्याचा वॉशर पाठवतो.

तुझा
दादा


दुकानातून,
२३ जानेवारी

धाकट्या पिंपा,

इकडचं क्षेम आहे. तिकडचं काय आहे ते मला कळेनासं झालंय.

तेवीस? तेवीस पौंड? आणि वर लिहितोस, "आता कुठे जरा बरं वाटतंय, रिम एकदाही वाजली नाही." अरे, एकशे अठरा किलो तेवीस पौंडांवर बसले तर खडी सोड, रस्त्यावरचा झाकणाचा खड्डासुद्धा रिम फोडेल. हे माझं मत नाही. रबराला मतं नसतात.

तेव्हा एकच अर्थ निघतो. तुझ्या पंपावरचा काटा खोटं बोलतोय. ते स्वस्तातले काटे असेच, दाखवतात तेवीस आणि आत असतात तीस. मी वेगळ्या पार्सलने माझा काटा पाठवतोय. कापडात गुंडाळलाय, तुझ्यासारखा आपटून उघडू नकोस. या काट्यावर मी पंपांचा दाब तपासतो, याच्यावर माझी भाकरी चालते. याने मागची हवा मोज आणि आकडा कळव. तोवर त्या सायकलवर बसायचं नाही. ही विनंती नाही.

आणि वजन विचारलं होतं. सबंध दोन पानांच्या पत्रात त्यावर तुझा एक शब्द आहे. "नेहमीचंच." हा काय आकडा झाला? गिऱ्हाईकाने कमरेचं माप "नेहमीचंच" सांगितलं तर तू पँट शिवशील का? फीत काढून मोजशील. मग मीच काय घोडं मारलंय?

टायर दाखवायला फोटो पाठवलास ते बरं केलंस. टायर छान दिसतोय, मधल्या गाठी नवीनच आहेत. तुझ्या वहिनीने फोटो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, भाऊजींनी चौकडीचा शर्ट नवा शिवला वाटतं. मी म्हटलं, नवा कुठला, तोच तो, बाहीवरचा शाईचा डाग बघ की. ती उठून खिडकीच्या उजेडात गेली. फोटो बराच वेळ घेऊन बसली. असो. बायकांना सायकल दाखवली तरी त्या शर्टच बघणार.

तू लिहितोस की चढावर मागचं चाक घसरतं, जमीन धरत नाही. हेही मला पटत नाही. आपल्यासारख्यांची तीच तर एक सोय आहे. बाकीच्यांची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि आपलं चाक जमिनीला चिकटून असतं. वजनाचा तेवढा एक फायदा देवाने दिलाय, तोही तुला मिळेना? काहीतरी चुकतंय. तुझ्याकडे चुकतंय, माझ्याकडे नाही.

फेब्रुवारीअखेरीला शिडीवर जायचं ठरलंय. मी रजेचं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून बसलोय. चुकीच्या हवेवर मी तुला तो उतार उतरू देणार नाही, आणि एकटा मीही जाणार नाही. तेव्हा नीट मोज.

दादा


घरून,
९ फेब्रुवारी

धाकट्या,

काटा परत पोचला. तुझं पत्रही. तू लिहिलंस, "दादा, तुझ्याही काट्यावर तेवीसच दाखवतंय, आता तरी मान की तुझा हिशेब गंडलाय." मी काटा पुन्हा तपासला. दुकानातल्या मोठ्या काट्याशी ताडून पाहिला. अर्ध्या पौंडाचाही फरक नाही. तुझा पंप खरा आहे, माझा काटा खरा आहे.

मग मी एक गोष्ट केली. माझ्या मागच्या चाकातली हवा तेवीसवर आणली. तोच टायर, तीच रिम. पाण्याच्या टाकीमागच्या खडीच्या वाटेवर गेलो. पहिल्याच दगडाला ठण्णकन आवाज आला, आणि दुसऱ्याला रिमेला अंगठ्याएवढा पोचा आला. तिथून सायकल ढकलत आलो. वाटेत सगळ्यांनी विचारलं, पंक्चर का? मी हो म्हटलं. काय सांगणार होतो.

तुझ्या वहिनीने दारातच विचारलं, कितीवर फुटली? तिला ती भाषा कधीपासून येते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, तेवीसवर. ती म्हणाली, "म्हणजे भाऊजींचं म्हणणं खरं आहे. टायर कडकच लागत असणार त्यांना." मी म्हटलं, कसा लागेल, एकशे अठरा किलो... ती म्हणाली, "तुम्ही सगळं तपासलंत. एक तेवढं सोडून."

तू आणि मी हिशेब करायला एकाच पाटीवर शिकलो, तेव्हा तुलाही येईल. एकतीसवरून तेवीस म्हणजे आठ पौंड. पौंडाला साडेतीन किलो. अठ्ठावीस. एकशे अठरातून अठ्ठावीस गेले की काय उरतं ते मी लिहीत नाही. तू लिही.

मी रागावलोय. हे पत्र लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आलो. महिनाभर मला वेड्यात काढतोयस, माझ्या आकड्यांना नावं ठेवतोयस. आणि मी तरी काय, पंपावर संशय घेतला, काट्यावर घेतला, रस्त्यावरच्या खडीवर घेतला. चौकडीच्या शर्टाचं पोटावरचं बटण आजवर कधी सुखाने बसलेलं मी पाहिलं नाही. फोटोत तो शर्ट अंगाला मापात आहे. मापात! तू शिंपी आहेस. शिवण आत घेतली की बाहेरून काही दिसत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तिकडे लोक तुझं कौतुक करत असतील. सायकलने काय जादू केली, म्हणत असतील. मास्तरीणबाईंनाही तू हेच सांगितलं असशील आणि त्याही खूश असतील. पण मला ते सांगू नकोस. मी तुला ओळखतो. दोन किलो जरी मेहनतीने उतरले असते तरी तू वाजतगाजत कळवलं असतंस, माझी पार हवा काढली असतीस. तू मला "नेहमीचंच" लिहिलंस. म्हणजे तू घाबरलायस.

बाबांचा पट्टा आठवतो ना. सैल झाला की टोच्याने स्वतः आणखी आत भोक पाडायचे, आणि विचारलं की म्हणायचे, चामडं ताणलंय. आपण दोघे माना डोलवायचो. चामडं ताणतंच की. एक भोक, मग दुसरं. तिसऱ्या भोकाला आत्या आली आणि ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत? तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खिडकीबाहेर. त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. आजही बोलायचं नव्हतं. तू भाग पाडलंस.

टायर कडक आहे म्हणे. चामडं ताणलंय म्हणे.

ऐक. दर वेळी तसंच असेल असं नाही. दहा कारणं असू शकतात, त्यातली नऊ गोळ्यांनी बरी होणारी. पण कारण काढायला आधी आकडा लागतो, खरा. पंप दुरुस्तीला आला की मी आधी दाब मोजतो, उगाच नशिबाला बोल लावत बसत नाही. तुझ्याकडे वजनकाटा नाही ही सबब चालणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय, दुकानातला वजनकाटा घेऊन. बूट, पिशवी, पाणी काही चढवायचं नाही या वेळी. नुसता तू. सोमवारी आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ. मास्तरीणबाईंना तू सांग. मी पोचायच्या आत सांग, नाहीतर मी सांगेन, आणि मला असल्या गोष्टी मऊपणे सांगता येत नाहीत हे तू जाणतोस.

शिडी कुठे पळून जात नाही. गिऱ्हाइकांना मी कळवलंय की रजा पुढे ढकलली. कधीपर्यंत असं विचारलं त्यांनी. म्हटलं, टायरचं अजून जमायचंय.

एक गोष्ट राहिली. त्या विक्रेत्यांचा छापील तक्ता मी काल पुन्हा बघितला, जो नव्वदला संपतो तो. तुझा आकडा आता त्यात बसतो. शेवटच्या ओळीत, पण बसतो. इतकी वर्षं मी त्या लोकांना शिव्या घातल्या की आमच्यासारख्यांना तुमच्यात जागा नाही म्हणून. तुला तिथे मिळालेली जागा मला नको आहे. तू माझ्या तक्त्यात परत ये. तुझी ओळ मी खोडलेली नाही. एकशे अठरा, मागे एकतीस, पुढे सत्तावीस.

तोवर चाकात तेवीसच ठेव. ते बरोबर आहे. आकडा तुझा चुकला नव्हता.

धाकटं आहे म्हणूनच थोरलं असलेलं,
पिंप