कुणाला काही प्रश्न?

मुलींचे वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर
दि. २७ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण तू स्पीकर लावून बोलतेस आणि पैठणची अख्खी गल्ली ऐकते. ही बातमी गल्लीची नाही. बिडकीनला पप्पांच्या कानावर तर मुळीच जायला नको.

आमच्या एम.बी.ए.ला प्रेझेंटेशनचा विषय असतो. वर्गासमोर उभं राहून, पडद्यावर चित्रं दाखवत सात मिनिटं बोलायचं. मी मोसंबीच्या बाजारावर बोलले, पोपटासारखी बोलले. शेवटी शिकवल्याप्रमाणे, कुणाला काही प्रश्न, असंही म्हटलं. तर मनस्विनी मॅडमनी खरंच विचारला! मोसंबीचा दर पाडतं कोण, एवढंच. आपल्या घरची बाग, उत्तर मला झोपेतही सांगता येईल. पण दातखीळ बसली. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि मी चालू पडले ती थेट वसतिगृहात. चित्रं पुढं सरकवायचं बटण हातातच राहिलं. ते दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या हाती परत पाठवलं.

२० फेब्रुवारीला मॅडम पुन्हा एकदा संधी देणार आहेत. तेव्हाही पळाले तर विषय राहील आणि मार्चमध्ये नोकरीच्या मुलाखतींना बसता येणार नाही. बोलायची भीती नाही गं, प्रश्नाची आहे. आधी हसून घे, मग काहीतरी सुचव.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मोनिका

*

पैठण
दि. १ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसून घेतलं. आता सुचवते.

आमच्या गल्लीतल्या साळूबाई काल वारल्या. ब्याण्णव वर्षांच्या होत्या, पोटभर जगल्या. नऊ तारखेला, रविवारी, घाटावर त्यांचा दहावा आहे. तुला ठाऊकच आहे, पिंड मांडला की कावळ्याची वाट बघायची, आणि तोवर पुढाऱ्यांनी श्रद्धांजलीची भाषणं ठोकायची. पाच-सातशे माणूस असतं, आणि कावळा शिवेपर्यंत कुणाला उठता येत नाही. असा वर्ग तुझ्या मॅडमना जन्मात मिळायचा नाही.

तिथं तू पाच मिनिटं बोलायचं. माझी भाची विद्यापीठात भाषण करायलाच शिकते, असं मी साळूबाईंच्या थोरल्याला सांगितलंय. खोटं काही बोलले नाही, फक्त पुढचं सांगितलं नाही. माहिती लिहून घे. साळूबाईंनी पाच लेकरं वाढवली, तीन म्हशी सांभाळल्या आणि शेजारच्याची वस्तू कधी वेळेवर परत दिली नाही. शेवटचं बोलू नकोस.

अट एकच. वर्गात शिकवलंय तस्संच बोलायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एक अक्षर गाळलंस तर पप्पांना फोन लावीन, स्पीकरवर.

ये, वाट बघते. लाड आल्यावर.
तुझी आत्या,
सत्यभामा

*

छत्रपती संभाजीनगर
दि. १० फेब्रुवारी २०२५

आत्यास नमस्कार.

रागावले आहे म्हणून मायना आखडता घेतलाय. तू काल मागं बायकांत बसली होतीस. पदर तोंडाला लावला होतास, पण खांदे हलत होते, मी बघितलंय. आता माझ्या बाजूनं काय झालं ते ऐक.

माझ्याआधी पाच पुढारी बोलले. तासभर कावळा झाडावरून हलला नाही. म्हातारीचा जीव कशात अडकलाय म्हणून थोरल्यानं म्हशी विकणार नाही असा शब्द दिला, धाकट्यानं दारू सोडली. कावळा ढिम्म. मग मला उभं केलं. बरी बोलले, माणसं माना हलवत होती. आणि तुझ्या त्या अटीपायी शेवटी हात जोडून म्हटलं, धन्यवाद, कुणाला काही प्रश्न?

पुढारी एकमेकांकडं बघायला लागले. दहाव्याला प्रश्न कोण विचारतं! तेवढ्यात बायकांतून साळूबाईंच्या शेजारच्या द्वारकाबाई उठल्या. म्हणाल्या, प्रश्न हाय. साळूनं लेकीच्या बारशाला माझी पितळी घागर नेली. लेक आजी झाली, लई वाट बघितली, घागर काय आली नाय. आता ती कोण देणार, तू सांग पोरी.

आत्या, पळायला जागा नव्हती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला सातशे माणसं. तोंडातून निघून गेलं की आजी, मला माहीत नाही, विचारून सांगते. आणि थोरल्याकडं वळून मी खरंच विचारलं. तो ओशाळून म्हणाला, व्हय, माळ्यावर हाय, आजच पोचती करतो. त्याचं बोलणं संपतंय तोच कावळा उतरला. दहाव्याला माणसं इतकी हसताना मी पहिल्यांदा बघितली. थोरलाही हसला, आणि मग आईच्या आठवणीनं रडला.

परतीच्या एसटीत लक्षात आलं. मला प्रश्न विचारला, उत्तर येत नव्हतं, तरी मी जागेवर उभी होते. राग मात्र आहे.

राग जाईपर्यंत लोभ तसाच ठेव.
मोनिका

*

छत्रपती संभाजीनगर
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

मायना पूर्ण आहे, म्हणजे काय ते समज. पास झाले! मार्चच्या यादीत माझं नाव लागलं.

मॅडमनी आधी तोच प्रश्न विचारला. फळ झाडावर असतानाच व्यापारी बागेचा सौदा तोंडी कसा ठरवून ठेवतो आणि तोडणीच्या वेळी दर कसा पाडतो, ते मी पप्पांच्या बागेसकट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, परदेशात मोसंबीचा रस का खपत नाही. ते मला येईना. एकदा दाराकडं बघून घेतलं. तरी म्हटलं, माहीत नाही मॅडम, शोधून सांगते. आणि वर्गाकडं वळून विचारलं, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का? मागच्या बाकावरच्या सम्यकनं हात वर केला, दुसऱ्यांनी त्याला खोडलं, आणि पुढची दहा मिनिटं वर्ग आपसात भांडत राहिला. मॅडम खुर्ची ओढून ऐकत बसल्या.

एक शंका आहे. द्वारकाबाई उठण्याआधी तुझ्याकडं का बघत होत्या?

राग गेला. लोभ दुप्पट हवा.
तुझी,
मोनिका

*

पैठण
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शंका खरी आहे. पोरगी शेवटी प्रश्न विचारा म्हणेल, तेव्हा तुम्ही उठा, असं मीच द्वारकाबाईंना पढवलं होतं. काय विचारायचं ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, साळूबाईंच्या शेवटच्या दुखण्याचं काही विचारतील. घागरीनं माझीही भंबेरी उडाली. आणि कावळ्याशी माझं काही बोलणं झालं नव्हतं, देवाशपथ.

आता हा उपद्व्याप का केला ते सांगते. मी दहावी पास झाले तेव्हा तुझ्या आजोबांनी मला समोर बसवून विचारलं होतं, पुढं शिकायचं का स्थळं बघू? लेकीला असं विचारणारे बाप तेव्हा गावात दुसरे नव्हते. मला उत्तर येत होतं. पण ओसरीवर चार पाहुणे बसले होते. माझी दातखीळ बसली आणि मी उठून आत गेले. पोरगी लाजली म्हणजे लग्नाला होकार, असं सगळ्यांनी धरलं. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण वडिलांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. वाईट वाटतं गं, अजून वाटतं.

मार्चमध्ये ती कंपनीची माणसं तुला विचारतील, पुढं काय करायचा विचार आहे. खुर्चीत नीट बस, आणि मोठ्यानं सांग.

आशीर्वाद कायमचे आहेत, मागावे लागत नाहीत.
तुझी आत्या,
सत्यभामा