शंभरात किती लाल

सोमवार, ३
लॅबमधला पहिला दिवस. नोकरी लागली ती नेमकी दादाच्याच गावात, म्हणून राहायलाही दादा-वहिनींकडेच. खिडकीजवळचं टेबल, माझा एकटीचा मायक्रोस्कोप! काढलेला तीळ मेणात बसवायचा, पातळ काप स्लाइडवर घ्यायचा. तीळ मुळातच तपकिरी, म्हणून आम्ही लाल रंग वापरतो. ज्या पेशी वाढायला निघाल्या, त्या लाल दिसतात. शंभरात एखाद-दुसरी लाल, तर तीळ साधा. वीस-पंचवीस, तर कॅन्सरची शंका. मॅडमनी एवढंच बजावलं, की एकदाच मोजायचं, लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची.

शुक्रवार, ७
दादाच्या पाठीवरचा तीळ मीच हट्टानं मंगळवारी काढायला लावला. आज तो माझ्या टेबलावर आला. शंभरात एक! मॅडमनी सही केली. वहिनीला रडूच फुटलं. दादा म्हणाला, पाठचीच बहीण ती, पाठ सोडतेय होय!

सोमवार, १०
मनाची खात्री म्हणून तीच स्लाइड पुन्हा लावली. चार. चुकलं असेल. तिसऱ्यांदा मोजलं.
नऊ.

मंगळवार, ११
मॅडमना बोलावलं. त्या मायक्रोस्कोपला डोळा लावीनात. मेलेल्या पेशी कशा वाढतील, मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, कितीदा मोजलंस? तीनदा म्हटल्यावर त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवाच बंद केला. माझ्या आधीच्या मुलीनं स्वतःच्या आईचा तीळ असाच परत परत मोजला होता म्हणे. आई महिनाभरात गेली.

गुरुवार, १३
दादाचे टाके काढले. जखमेभोवती बारीक काळे ठिपके उठलेत. वहिनी म्हणाली, नऊ आहेत.
तिनं मोजले. मी सांगितलं नव्हतं तिला —

शुक्रवार, १४
स्लाइड फोडली. मेणाचा ब्लॉक जाळला. घरी आले, दादा उघडाच बसला होता. बघायचं नव्हतं. डोळे ऐकत नाहीत.
सव्वीस.

रविवार, १६
आता डोळे मिटून मलम लावते. बोटांना लागतात. बोटंही मोजतात —

सोमवार, १७
डॉक्टर म्हणाले, पसरलंय. दादाला सगळं सांगून टाकलं. मोजू नकोस, पाया पडते, म्हटलं. तो हसला नाही. वहिनीचा आरसा घेऊन आत गेला, कडी लावली. वहिनी दार बडवतेय. मी इथूनच ओरडतेय, दादा, नको —
आवाज येतोय त्याचा. सावकाश. माझा हातही थांबत नाही —
एकतीस, बत्तीस, तेह