दोघांची मिळून एक ओळ

लोणावळे,
१८ सप्टेंबर १९६६

प्रिय केशव,

तुझी आई माझ्या आईला म्हणाली म्हणे, लग्नानंतर पोरीने ‘अहो’ म्हणायची सवय लावून घ्यावी. तळेगावात एका आळीत वाढलेल्या, माझ्या परकरातल्या चिंचा पळवणाऱ्या माणसाला ‘अहो’ म्हणताना मला हसू आवरायचं नाही. मार्गशीर्षापर्यंत अवकाश आहे, तोवर अरे-तुरे करून घेते. तू पुण्यात आपल्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्यास आणि स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे हे मुद्दाम कळवलंस, ते वाचून फार बरं वाटलं. त्या खोल्यांचं शेवटी लिहिते. आधी शाळेचं सांगते, कारण त्यात तुझाही हात आहे.

भुशीच्या वरच्या अंगाला, ठाकरवाडीतली माझी एकशिक्षकी शाळा तुला माहीत आहे. आधीचे गुरुजी बदली घेऊन गेले आणि वर्षभर शाळेला कुलूप होतं. जूनमध्ये मी आले तेव्हा ओसरीवर शेळ्या बांधलेल्या होत्या. ऑगस्टमध्ये तपासणीचे साहेब आले, पट चाळला आणि म्हणाले, सरासरी हजेरी निम्मीच आहे, लवकर वाढली नाही तर शाळा बंद करून मुलांची नावं खाली लोणावळ्याच्या शाळेत घालावी लागतील. एवढे ओढे ओलांडून ही पोरं खाली यायची नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मला राग आला तो पोरांचा. मनाला येईल तेव्हा येतात, असं मी तुला तणतणत लिहिलं होतं बघ. त्यातून ती रतन! हुशार, पण शाळा सुटताना पाटी पुस म्हटलं की पाटी छातीशी धरून पळायची. हट्टी म्हणून मी तिला कोपऱ्यातसुद्धा उभं केलं.

तू सरकारी आकडेमोडीत मुरलेला गडी. माझी समजूत घालायची सोडून चौकटीच्या कागदाचा मोठा ताव पाठवलास, आणि बिगरीतल्या पोराला शिकवावं तसं लिहिलंस. आडव्या ओळीत एक मूल, उभ्या रकान्यात एक दिवस, एका चौकोनात एकच गोष्ट. हजर असेल तर चौकोन लाल पेन्सिलीने भर, नसेल तर कोरा ठेव. सुट्टीच्या दिवशी काट मार, नाहीतर सुट्टीलाही गैरहजेरी समजशील. उभ्या आणि आडव्या बेरजा जुळल्याखेरीज पुढे जाऊ नकोस. माझ्या कुठल्या जुळायला! एक चौकोन मी दोनदा मोजत होते, तो सापडेपर्यंत तुला मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. आणि एवढं करून सरासरी निघाली ती साहेबांनी काढली तेवढीच. मी चिडून कळवलं, तर तुझं कार्ड आलं, की सरासरीत सगळ्यांची खिचडी होते, डाळ-तांदूळ वेगळे दिसत नाहीत. ओळी कापून सुट्या कर आणि निरनिराळ्या रीतीने लावून बघ.

रविवारी कात्री घेऊन बसले. पट्ट्या चटईवर मांडल्या. आधी वयाप्रमाणे लावल्या, मग मुलगे एकीकडे आणि मुली एकीकडे, मग लांबून येणारी आणि जवळची. काही म्हणता काही दिसेना, आणि दमट हवेने पट्ट्या चटईला चिकटत होत्या. शेवटी घरावार लावायला घेतल्या. पटावर आधी सगळे मुलगे आणि नंतर सगळ्या मुली, म्हणून भावंडांच्या ओळी कधी शेजारी आल्याच नव्हत्या. रतनची पट्टी तिच्या भावाच्या, बुधाच्या पट्टीखाली ठेवली आणि केशव, एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले. बुधाचा चौकोन कोरा तिथे रतनचा लाल, रतनचा कोरा तिथे बुधाचा लाल. दोघांची मिळून एक ओळ, अख्खी भरलेली. दुसऱ्या घराची तीच गत, तिसऱ्याचीही. मनाला येईल तेव्हा येणारी म्हणत होते, त्या घरांनी एक दिवससुद्धा शाळा चुकवली नव्हती. मला रडू आलं, हे तुला सांगायला काही लाज वाटत नाही.

सोमवारी रतनला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, “आय भात बेणाया जाती, तण काडाया. बारकीला कोन सांबाळणार? कवा मी, कवा बुधा, सकाळी उठून ठरिवतो.” मग पाटी का नाही गं पुसत? तर माझ्याकडे वेड्यासारखी बघत म्हणाली, “पुसली तर त्याला काय दावू?” मी त्या पोरीला कोपऱ्यात उभं केलं होतं रे.

त्याच दिवशी वाडीतल्या बायांना सांगितलं, तान्ही आणि रांगती पोरंही शाळेतच पाठवा, ओसरीच्या वाशांना झोळ्या बांधू. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती म्हणाली, “बाई, पोरं रडाया लागली मंजी तुमी शिकविणार कवा?” मी म्हटलं, तुम्ही या झोके द्यायला. आता ती रोज येते आणि झोके देता देता बाराखडी माझ्या मुलांच्या आधी म्हणून टाकते. गेल्या आठवड्यात साहेब पुन्हा आले. झोळ्या बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण घरावार चिकटवलेला ताव पुढे ठेवला तेव्हा बोटाने एकेक जोडी ताडून बघितली. रतन आणि बुधा दोघंही समोर बसलेली होती. शाळा चालू राहील म्हणाले, पण तुम्ही आहात म्हणून. तुम्ही गेलात तर या डोंगरावर दुसरं कोणी यायचं नाही आणि मला कुलूपच लावावं लागेल. लग्नाचं मी त्यांना बोलले नाही.

म्हणून हे पत्र. राजीनामा लिहायला बसले होते, हात पुढे सरकेना. केशव, पुण्याच्या खोल्या सोडून तू लोणावळ्यात बिऱ्हाड करशील? सकाळच्या गाडीने पुण्याला नोकरीला जाणारे इथे पुष्कळ आहेत. हाल तुझे होतील, आई रागावतील, सगळं कळतं मला. तू नाही म्हणालास तर मी शाळा सोडून येईन, खोटं सांगत नाही, पण हसत येणार नाही. आणि जन्मभराचं मागत नाहीये. वाडीवर टिकेल अशी दुसरी बाई तयार केली की तू म्हणशील तिथे येईन, मग हाल सोसायची पाळी माझी. रतन आणि बुधा हे रोज सकाळी उठून ठरवत होती, आपल्याला एकदाच ठरवायचंय. तावाची उरलेली पट्टी सोबत घातली आहे. त्यावर दोन ओळी आहेत, तुझी आणि माझी, आणि एकेक चौकोन म्हणजे एकेक वर्ष; ज्याचा लाल, ते वर्ष त्याच्या मनासारखं. पहिले दोन माझ्या ओळीत लाल केलेत, पुढचे तुझ्या. पटलं तर तशीच परत पाठव. नाही पटलं तर पुसून पाठव, पेन्सिलीचंच आहे. पण पुसू नकोस.

अजून अरे म्हणणारी,
तुझीच
शैला