चौथ्या दिवशीचा सूर्य

सिरोंचा,
१८ नोव्हेंबर २०२४

लाडाची पोरगी नंदिनी हिले,
बाबाचा प्रभूच्या नावात सलाम.

आमी इथी बरे आहोत. तुही माय गुडघा धरून चालते, पण सांगतलं आयकत नाई. धान कापायले जातेच. गोदावरीचं पाणी उतरलं. तू मायले फोन करतेस तवा मी बाजूलेच असतो. तू मले इचारत नाईस, अन् मीबी फोन मांगत नाई. दोघंबी सारखेच अडेल.

माही चौकीदारी चालू आहे. वडधमले ते दगड झालेले हाडं पाह्यले लोक येतात. मी त्यायले आजवर एकच सांगत आलो, का हे नोहाच्या जलप्रलयात बुडालेले जनावरं आहेत. शिकलेले लोक हासत, मले राग ये.

मागच्या महिन्यात कुंपणापाशी खड्डा खंदून राह्यलो होतो. सबलीखाली एक चपटा दगड फुटला अन् आंत मासोळी! खवल्यासकट. काय सांगू बाप्पा, मी तिथीच बसलो. मासोळी पाण्यात कशी बुडन? तू मनत होतीस ना, हे कोटी-कोटी वर्सांचं आहे मनून? घरी येऊन बायबलातला उत्पत्तीचा पह्यला अध्याय काढला. शंभर बार वाचला असन, पण त्या दिवशी डोळ्यात भरलं, का देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला. मंग पह्यले तीन दिवस कोणच्या घड्याळानं मोजले? तुह्या मायले इचारलं, तं ती मने, "मले काय इचारता? पोरगी हेच सांगत होती तवा तुमी कानात बोळे घातले होते."

खरं बोलली. अन् मासोळीचं येवढं पुराण मी काऊन लावलं, तेबी तुले समजलं असन. जे लिवायचं आहे त्याचं भेव वाटते.

दोन वर्सांआधी सुट्टीत तू चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेतल्या लेकरायले त्या हाडांपाशी नेलं अन् सांगतलं, का माणूस अन् माकड भल्ले जुने नातेवाईक आहेत, देवानं घाई केली नाई. चर्चच्या मंडळीची कमिटी बसली. कमिटीत सगळ्यात मोठे बापूजी, ते मनले, चूक कबूल करेपर्यंत नंदिनीले प्रभुभोजन नाई. तू मनलीस, "माहा येशूवर इश्वास आहे, अन् हाडंबी खरे आहेत. यातलं खोटं कोणतं बोलू?"

रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माह्याच हातात होतं. तू दुसऱ्या बाकावर. तुह्या दोन्ही बाजूच्यायले मी देल्लं. तुहा हात पुढं आला होता, माये. मी पाह्यला. पाह्यला अन् पुढं गेलो.

लोकायले मनलो, देवाच्या वचनासाठी केलं. झूट! मले बापूजीचं भेव वाटलं, का आपल्यालेबी बाहेर काढतीन. देवाचं नाई, माणसाचं भेव. त्या दिवसापासून तू गावात पाय ठेवला नाईस.

या ३ तारखेले उपासनेत लोक साक्ष द्यायले उठले, तवा मीबी उठलो अन् हे सारं सांगतलं. चौथ्या दिवसाचंबी इचारलं. बापूजी लाल झाले. मने, "दसरू, तू बुढापणात माकड झाला का?" लोक हासले. मी मनलो, "भाऊ, माकड असतो तं बरं होतं. माकडीन आपल्या पिल्लाले टाकून पुढं जात नाई." मंग कोणी हासलं नाई.

भाकर वाटायच्या वेळी कमिटीनं ताट माह्या हातातून काढून घेतलं. भाकर माह्यापुढं आली, पण मीच घेतली नाई. आधी पोरीले द्या, मंग मले. चर्चचे पाळकसायेब सांजी घरी आले अन् मनले, १ डिसेंबरले ताट मी स्वतः फिरवतो, नंदिनी आली तं कोणी अडवणार नाई. बापूजी मनतात, मंग मी येणार नाई. इतक्या वर्सांची दोस्ती आमची! वाईट वाटते, पण काय करू.

माकडाचं मले अजूनबी पटलं नाई, हे साफ सांगतो. त्याच्यावर आपण घरी भांडू, तुही माय चहा करीन. तू येशीन का नाई हे तुह्यावर. नाई आलीस तरी चूक तुही नाई.

देवापाशी माफी मांगून झाली, तुह्यापाशी मांगायची हिंमत आता करणारा,
तुहा बाबा
दसरू