बाटलीतलं ऊन

बॅलिनरोब, मेयो, आयर्लंड
९ सप्टेंबर

प्रिय डिम्फना हिस नूलाचा स. न. वि. वि.

फोनवर मला धड बोलता येत नाही. म्हणून पत्र. इकडे ठीक. पाऊस आहेच, नवरोबा डेक्लन दिवसभर गुरांत असतो.

माझ्या थोरल्या ऑर्लाला मातीआड करून सात महिने झाले आणि परवा धाकट्या मेव्हची नाचाची स्पर्धा होती. तिच्या बाईंनी बजावलं होतं, पायांना टॅन, तो उन्हात रापल्यासारखा रंग, लावल्याशिवाय पाठवू नका, दिव्यांखाली पांढरे पाय अगदी फटफटीत दिसतात. आजवर हे काम ऑर्लाचं. स्वतः तर ती चौदाव्या वर्षापासून कधी गोरी दिसलीच नाही. शवपेटीतसुद्धा मी तिला रंग लावायला सांगितला होता, नाहीतर माझी मला ओळखू आली नसती.

शेवटी मीच तिचा खण उघडला. अर्धी बाटली होती, लावायचा हातमोजा होता. मेव्हला जुन्या टॉवेलवर उभं केलं आणि घोट्यापासून वर लावत गेले. तो बिस्किटांसारखा वास घरभर झाला. सकाळी वरचा थर धुऊन ती पाठमोरी पाव भाजत होती. मी म्हटलं, ऑर्ला, लोणी संपलंय गं. ती नुसतं बरं म्हणाली.

आणखी एक. ऑर्लाच्या डाव्या गुडघ्याखाली काटेरी तारेचा व्रण होता, तिथे रंग नेहमी गडद बसायचा. मेव्हला व्रण नाही. तरी डाग नेमका तिथेच उमटलाय. अंगावर काटा आला माझ्या. आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी बहीण नूला


पर्थ, ऑस्ट्रेलिया
२४ सप्टेंबर

प्रिय नूलास अनेक आशीर्वाद.

तुम्ही लोक धन्य आहात बाई. इथे उन्हाच्या भीतीने सगळे टोप्या घालून सावली धरून चालतात, कॅन्सर नको म्हणून माझ्या खांद्यावरचे दोन तीळ डॉक्टरांनी कापून काढले, आणि तुम्ही तेच ऊन बाटलीतून विकत घेऊन अंगाला फासता.

त्या डागाचं म्हणशील तर वेडाबाई, तुझ्या हाताला सवय आहे. ऑर्लाच्या लहानपणी त्या जखमेला मलम कोण चोळायचं? हात तिथे आपोआप दोनदा फिरला असणार. भुताबिताचं मनात आणू नकोस.

पण एक सांग. एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात मेव्हचा नंबर आला की नाही, हे कुठेच नाही. पोरगी कशी आहे?

माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.
डिम्फना


बॅलिनरोब
२० ऑक्टोबर

प्रिय डिम्फना हिस स. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून मेव्हला विचारलं. तिसरी आली होती म्हणे.

आता दर शनिवारी मी तिला रंग लावते, स्पर्धा असो नसो. चेहऱ्यालाही. गालाच्या हाडांवर, कपाळाच्या कडेला आणि नाकाच्या शेंड्यावर ब्रशने थोडं ब्राँझर, ती तांबूस पूड, म्हणजे स्पेनला सुट्टी घालवून आल्यासारखं वाटतं. ऑर्ला असंच लावायची. रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बायका वळून वळून बघतात. एकीने तर क्रूसाची खूण केली. करू दे.

तू हसशील, पण ती बाटली संपत नाही गं. तीच बाटली, झाकणाला चीर गेलेली. किती शनिवार झाले, अजून अर्धीच आहे. डेक्लनला दाखवली तर तो गोठ्यात निघून गेला. ऑर्लाला अजून जायचं नाहीये, दुसरं काय.

आठवण ठेवतेस, ठेवत राहा.
नूला


बॅलिनरोब
४ नोव्हेंबर

ति. डिम्फना मावशीस मेव्हचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईला कळू देऊ नकोस. बाटली मी भरते. केमिस्टकडून नवीन आणते आणि जुनीत ओतते. ती संपली तर आईचं काय होईल याची मला भीती वाटायची.

रंग असतो तेव्हा आई माझ्याशी बोलते, केस विंचरते, हसते. गुरुवारपर्यंत तो उडायला लागतो, मग मान वाघासारखी पट्ट्यापट्ट्यांची होते आणि आई गप्प होते. रागाने नाही. मी तिला दिसतच नाही. शनिवारी ती मला ऑर्ला म्हणते आणि मी ओ देते. पहिल्यांदा दिली ती आईला बरं वाटावं म्हणून.

नोव्हेंबर हा तर मेलेल्यांचाच महिना, गेलेल्यांची नावं वाचून प्रार्थना करतात. चर्चमध्ये ऑर्लाचं नाव वाचलं, तेव्हा आईने माझा हात धरून सांगितलं, ऐकू नकोस. मावशी, परवा आरशात बघताना मीच म्हटलं, ऑर्ला, सरक ना जरा. आणि मग मला माझा चेहरा कसा होता ते आठवेना. महिनाअखेरीला कॅसलबार गावातली स्पर्धा आहे. आईने ऑर्लाचा ड्रेस माझ्या मापाचा केलाय. तो घातला की मी परत येणार नाही असं वाटतं. काय करू?

तुझी भाची
मेव्ह


पर्थ
१४ नोव्हेंबर

चि. मेव्हला खूप खूप आशीर्वाद.

अगं सोन्या, किती दिवस एकटीने सोसलंस. ओ दिलीस यात तुझं काही चुकलं नाही.

आता ऐक. गरम पाण्यात बस, साखर आणि लिंबू घे आणि अंग घासून काढ. स्पर्धेला आपल्या जुन्या ड्रेसात, आपल्या पायांनी जा. बाई ओरडतील, नंबर जाईल. जाऊ दे. आई रडेल, तिलाही रडू दे, ती अजून रडलेलीच नाही. मी तिकीट काढतेय, नाताळला तिथे असेन.

तुझ्यावर जीव आहे, तो तुझ्यावरच आहे.
मावशी


बॅलिनरोब
३० नोव्हेंबर

प्रिय डिम्फना,

मायना नीट लिहायचं आज त्राण नाही.

काल कॅसलबारला गेले. मेव्ह पहाटेच बाईंबरोबर गेली होती, मी मागून पोचले. पंधरा-वीस मुली रांगेत, सगळ्यांचे पाय तांबूस, चकचकीत. मी माझी शोधत होते. दोनदा रांग बघितली, सापडेना. मधेच एक पोर होती, पांढरीफटक, पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दिसत होत्या, घासून घासून कातडी लाल झालेली. शेजारची बाई मला म्हणाली, कुणाची गं बिचारी, घरी कुणी रंगसुद्धा लावला नाही.

मलाही कीव आली गं. मी तिला म्हटलं, आई नसेल हिला.

मग वाद्य सुरू झालं आणि त्या पोरीने माझ्याकडे बघितलं.

नाचाचं मला काही कळलं नाही. संपल्यावर ती खाली उतरली, थंडीने कुडकुडत होती. मी माझा कोट तिच्या पायांभोवती गुंडाळला आणि तिला नावाने हाक मारली. मेव्ह म्हटलं. तिने ओ दिली नाही. मी पुन्हा मेव्ह म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने मान वर केली.

लवकर ये.
नूला